रिकामा परत आलेला डबा

सुदर्शन गाडेकर भाजी घेऊन घरी आला की ती पुन्हा वजन करून बघायचा. वजन कमी भरलं तर त्याला बरं वाटायचं. बरोबर भरलं की मात्र तो अस्वस्थ व्हायचा. म्हणायचा, "आजच का बरं बरोबर दिलं असंल त्यानं?" लग्न ठरताना मुलीकडच्यांनी कशालाच फाटे फोडले नाहीत, म्हणून हा गडी मुलीच्या गावात जाऊन चार घरी चौकशी करून आला होता. ती मुलगी, म्हणजे करुणा, ही हकिगत आजही आल्यागेल्याला चहासोबत ऐकवते.

या स्वभावानं त्याचं एक भलंही केलं होतं, हे कबूल करायला हवं. सुदर्शन फुलंब्रीला एका कॉलेजात भूगोल शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. जेवढे तास घ्यायचे तेवढाच पगार, आणि दर जूनला पुन्हा बोलावतात की नाही याची धाकधूक. जवळच्या एका खेड्यात विहिरींच्या पाण्याची पातळी वाढल्याचा सरकारी फलक लागला. सगळ्यांनी वाचला आणि आपापल्या कामाला गेले. सुदर्शन मात्र दोरी आणि दगड घेऊन विहिरींवर फिरायला लागला. दोन उन्हाळे फिरला. फलकावरचं पाणी काही त्याला विहिरीत सापडेना. तेव्हा त्यानं ठरवलं, पीएच.डी. करायची ती यावरच. नावामागं डॉक्टर लागलं तर कॉलेजात कायम होण्याची आशा होती, आणि वय चाळिशीला टेकलं होतं.

पण त्याआधी प्रवेश परीक्षा होती. एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एकच खरं. असल्या माणसाला असली परीक्षा द्यायला लावणं हा निव्वळ छळ आहे. ओळीनं चार प्रश्नांचं उत्तर 'ब' आलं की त्याला पेपर काढणाऱ्याचा डाव दिसू लागायचा, आणि तो त्यातली दोन बदलून टाकायचा. काठावर पास झाला. त्याच्या विषयात पास झालेल्यांत सगळ्यात कमी मार्क त्याचेच होते.

म्हणून विद्यापीठातून हसीना मॅडमचा फोन आला तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. मॅडमकडं मार्गदर्शक म्हणून एकच जागा रिकामी होती. "तुमचा आराखडा वाचला," त्या म्हणाल्या. "मुलाखतीला नक्की या. परीक्षेत जे गेलं ते मुलाखतीत थोडं भरून काढता येतं."

फोन ठेवल्यावर तो करुणाला म्हणाला, "मला कशाला बोलावतेत? एवढे मार्कवाले सोडून मला?"

"आवडलं असंल तुमचं काम."

"नुसतं काम कुणाला आवडतं व्हय?"

त्याची आई द्वारकाबाई तांदूळ निवडत होती, ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बोलावलंय तर रिकाम्या हातानं जाऊ नको." आणि दुसऱ्या दिवशी तिनं शेंगदाण्याचे लाडू वळले. स्टीलच्या कडीच्या डब्यात भरले. त्या डब्यावर सुदर्शनच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, आप्पासाहेब गाडेकर, फुलंब्री. आप्पासाहेब गेल्यापासून तो डबा फक्त मोठ्या कामाला बाहेर निघायचा.

लाडू नेले तर ती लाच दिसेल, आणि नाही नेले तर माणूस उर्मट दिसेल. सुदर्शननं बसमध्ये दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडून घाबरला. मॅडमच्या घरी, शहरात रोशन गेटजवळ, दार त्यांच्या नवऱ्यानं उघडलं. युसूफभाईंचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, हात अजून ग्रीसनं काळे होते. सुदर्शननं डबा त्यांच्या हातात कोंबला, "आईनं दिलेत," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून पळाला. मॅडमनं समोरासमोर नको म्हटलं असतं तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे त्याला कळलं नसतं.

आठवडाभरानं तो विभागात कागद द्यायला गेला. बाहेरच्या बाकावर दोन-तीन उमेदवार बसले होते. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत डबा त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "हा तुमचा डबा. मुलाखतीला वेळेवर या."

डबा हलका लागला. त्यानं झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. घासून लख्ख केलेला, कोरडा डबा.

त्यानं झाकण पुन्हा लावलं. आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. हे काय फक्त गाडेकरांच्याच घरातलं नव्हतं. शेजारच्या नोमानच्या घरी पुरणपोळी गेली की त्याची आई ताट कधी मोकळं पाठवायची नाही. म्हणजे मॅडमना ठाऊक असणारच, आणि ठाऊक असून त्यांनी हे केलं. चारचौघांत 'नाही' म्हणायची ही शहरातली रीत असावी, असं त्यानं ठरवून टाकलं. आणि आईपुढं रिकामा डबा कसा ठेवायचा? त्यानं तो विभागाच्या खिडकीत ठेवला आणि मागं न बघता निघाला.

मुलाखतीच्या दिवशी तो शहरात आला, हे विशेष. इस्त्रीचा शर्ट घालून आला, विहिरींचे नकाशे काखेत घेऊन आला, आणि विद्यापीठाच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसला. पोरं आत जात होती, त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मार्क भरपूर असलेली. फोन वाजला. विभागाचा नंबर होता. 'मुलाखत झाली असं दाखवायला डोकी मोजून लागत असतील,' सुदर्शननं मनाशी म्हटलं. 'आपण कुणाच्या नाटकात उभं राहणार नाय.' फोन पुन्हा वाजला. त्यानं तो उलटा करून ठेवला आणि अजून एक चहा सांगितला. आपल्याला कुणी फसवू शकलं नाही, याचा त्याला आनंद झाला, आणि तो आनंद फुलंब्रीची बस येईपर्यंत टिकला.

घरी द्वारकाबाई विचारायची, "डबा कुठंय रं?" तो म्हणायचा, "मॅडमकडंच हाय." मुलाखतीचं विचारलं की म्हणायचा, "बघू."

महिन्याभरानं आठवडी बाजाराच्या दिवशी दारात मोटरसायकल थांबली. युसूफभाई पंपाच्या कामाला इकडं आले होते. विभागाच्या खिडकीत राहिलेला डबा सोबत होता, त्यावरचं नाव दाखवत विचारत विचारत घर गाठलं होतं.

"सर, तुम्ही मुलाखतीला का नाही आले?" बाजेवर बसत ते म्हणाले. "मॅडमनं तुमचा नंबर शेवटी ठेवायला लावला. दोनदा फोन केला."

"डबा रिकामा दिला मला," सुदर्शन म्हणाला. "मी समजायचं ते समजलो."

युसूफभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे यार! लाडू तर आमच्या पोरांनी खाऊन टाकले, त्याच्यावरून मला किती बोलणं बसलं. मी म्हणालो, डबा खाली कसा द्यायचा, थोडी शक्कर टाक. तर ती म्हणाली, नाही. तो उमेदवार आहे तोपर्यंत माझ्या घरातनं त्याच्या डब्यात दाणा जाणार नाही. त्याचे मार्क आधीच कमी, त्याला घेतलं तर लोक बोट दाखवणार. सगळ्यांसमोर खालीच देते." ते पुढं म्हणाले, "तिला तुमचं ते विहिरीचं काम लई पसंद होतं, सर. म्हणायची, कागदावर भरोसा न ठेवणारा एक तरी माणूस भेटला."

"आणि आता?"

"आता काय. जागा भरली गेली. दुसऱ्या मुलाला दिली." युसूफभाईंनी डबा बाजेवर ठेवला. "म्हणून तर आता पाठवला तिनं."

ते गेल्यावर द्वारकाबाईनं पदराला हात पुसत कडी उघडली. आत भट्टीवरून भाजून आणलेली नानखटाई होती, काठोकाठ. तुपाचा वास घरभर झाला.

"करुणा, बघ गं! डबा भरून आला!" म्हातारी हरखून ओरडली. "झालं म्हणायचं याचं काम!" आणि तिनं पहिली नानखटाई सुदर्शनच्या हातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली. युसूफभाईंच्या बोलण्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्यात कुठंही डाव शोधायला जागा नव्हती.