नवसाचा एडका

माणसं देश सोडून का जातात, हा माझ्या संशोधनाचा विषय. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटची एक अख्खी भिंत त्यावरच्या पुस्तकांनी अडवली आहे. त्यांत माणसाला घरातून ढकलणारी कारणं वेगळी आणि बाहेर ओढणारी वेगळी. शिकवायला सोपं जातं. पण हल्ली ती पुस्तकं उघडली की मला रागच येतो. मागं राहिलेल्यांचं काय होतं, हे ती चार ओळींत आटपतात.

मंगळवेढ्याच्या पलीकडं कोरड्या पट्ट्यात स्कूटरवर फिरताना एक म्हातारं मेंढपाळ जोडपं भेटलं. एकुलता एक मुलगा आखातात गेलेला. काम काय, तर तिथल्या वाळवंटात मालकाची मेंढरं राखायची. त्याला धाडण्यासाठी यांनी आपला सगळा कळप विकला होता.

"हितली इकली आन् तितली राखाय गेला," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला. हे ढकलणं म्हणायचं की ओढणं, मला आजही सांगता येणार नाही.

कळपातला एक एडका तेवढा मागं ठेवला होता. पोरगा सुखरूप परत आला की तो देवाला द्यायचा, असा आईचा नवस. कपाळाला भंडारा लावून सोडलेलं जनावर. ते विकायचं नाही, कापायचं नाही, नवस फिटेपर्यंत जिवापाड सांभाळायचं. पोरगा दोन वर्षांत येतो म्हणून गेला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एडक्याचे दात पडून गेले होते. आई मक्याचा भरडा भिजवून हातानं त्याला भरवत बसली होती.

"त्यो येईस्तवर ह्येला जगवायचा हाय बग, पोरी."

मुलाचा नंबर तिनंच दिला. मी फोनवर मुलाखत घ्यायला बसले आणि नेहमीचं वाक्य वाचून दाखवलं, की तुम्ही सांगाल ते मी कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगणार नाही. त्यानं ते मला पुन्हा म्हणायला लावलं.

"नक्की न्हाय न्हवं सांगणार, ताई?"

मग बोलला. मालकाच्या जाचातून तो केव्हाच पळाला होता. पासपोर्ट मालकाकडं अडकलेला, आता कुठल्याशा शहरात लपूनछपून हमाली. माझ्याकडं विचारायला पुढचा प्रश्न होता, सुटकेसाठी काय प्रयत्न केलेत. त्यानं तो धुडकावलाच.

"सुटायला सुटंन बी. पर येऊन काय करू? माज्यापायी समदा कळप गेला. मोकळ्या अंगणात बाच्या म्होरं हुबा कसा राहू? मी आता येत न्हाय, ताई. आईला तेवडं सांगू नगा."

त्यानंतर मी त्या घरी बऱ्याचदा गेले. दर वेळी चहाचा कप हातात ठेवता ठेवता ती विचारायची, "बोललीस न्हवं त्याच्यासंगट? कवा येतू म्हणला?" मी म्हणायची, बरा आहे. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत असते, आणि नियम योग्यच आहे. नाहीतर कोण कशाला मन मोकळं करील? पण तो चहा मी अर्धाच ठेवून उठायची. परतीच्या वाटेवर हेल्मेटच्या आत मी त्या पोराला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या आहेत. त्याची कीवही तितकीच यायची.

या हिवाळ्यात गेले तेव्हा एडका अंगणात नव्हता. चार दिवसांपूर्वी तो गेला होता. म्हाताऱ्यानं घरामागं खड्डा काढून त्याला पुरलं होतं.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. जे मला बोलता येत नव्हतं ते त्या मुक्या जनावरानं सांगून टाकलं, आता ही बाई वाट बघणं थांबवील, असं मनात आलं. मी तिची काहीबाही समजूत घालू लागले.

"वय झालतं त्येचं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

परत आली ती पदराखाली एक कोकरू घेऊन. नुकतंच आईचं दूध सुटलेलं, कपाळाला ओला भंडारा.

"मोटं मिळत हुतं की," म्हातारा कुरकुरला. "पर हिचा हट, बारकंच पायजे."

"मोटं काय करायचंय? त्येचं आयुष्य पुरलं न्हाय न्हवं," ती म्हणाली. तिनं कोकराला माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्येच्याम्होरं लई वर्सं हाईत. तंवर येतूय की त्यो."

मला रडू आवरेना. तिला वाटलं, मी एडक्यासाठी रडतेय. तिनं पदरानं माझे डोळे पुसले.