खजुराचं दूध आणि निळं पाणी

त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. एक लेडी डॉक्टर, तरुणच. एक सिस्टर, तिच्या हातात माझ्या पायाची सोडलेली पट्टी. माझे यजमान, आवडी नावाच्या गावी कारखान्यात क्लार्क होते. त्यांची थोरली बहीण सोनाक्का, ती आमच्याच घरी राहायची. माझी मुलगी रुक्मा, तान्ह्याला तांबरमला सासूकडे ठेवून आलेली. आणि लोखंडी स्टुलावर मी.

सहा जणं. त्या खोलीत माझा आजार एकीला माहीत नव्हता. ती मी.

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले. यजमानांनी पिशवीतून एक पिवळं कार्ड काढलं. मी ते कार्ड कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी ते उलटसुलट वाचलं आणि मला तमिळमध्ये विचारलं, “अम्मा, दोन वर्षांपासून शुगर आहे तुम्हाला. माहीत असून पाय असा होऊ दिलात?”

मी यजमानांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. सोनाक्का पदर सारखा करत होती. रुक्मानं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की हिलाही माहीत आहे.

“कुठली शुगर?” मी म्हटलं. “माझ्या अंगात तर रक्त कमी आहे.”

बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

आता मागचं सांगते. मी तमिळ शाळेत दुसरीपर्यंत गेले. तमिळ अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी नाही. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्या झाल्या तिकडेच. आमचं मराठी महाराष्ट्रातल्या लोकांना जुनं वाटतं. हे लिहून घेणाऱ्या शेजारणीला मी सांगितलंय, माझं बोलणं हवं तर सरळ करा, गोष्ट आहे तशी राहू द्या.

त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी मला फार तहान लागायला लागली होती. तांबेच्या तांबे पाणी प्यायचे, पुन्हा पुन्हा लघवीला जायचे. पोलकी ढिली झाली. न्हाणीच्या मोरीपाशी काळ्या मुंग्यांची रांग लागायची. मी उकळतं पाणी ओतायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तहान, लघवी, वजन उतरणं आणि मोरीपाशी मुंग्या. लघवीतून साखर जाते, ती मुंग्यांना आधी कळते.

यजमान मला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. रक्त दिलं, बाटलीत लघवी दिली. डॉक्टर यजमानांशी इंग्रजीत बोलले. बाहेर येऊन हे म्हणाले, “रक्त कमी आहे. शक्तीच्या गोळ्या दिल्यात. सकाळी एक घ्यायची.”

त्याच महिन्यात रुक्माला तांबरमचं स्थळ आलं होतं. आमच्या लोकांत घरं मोजकी. एका घरात शिंक आली तर चार घरांना ऐकू जाते. मुलीच्या आईला शुगर आहे म्हटल्यावर उद्या मुलीलाही येईल, असं म्हणून लोक स्थळ सोडून देत. म्हणून भाऊबहिणीनं ठरवलं, लग्न होईपर्यंत बोलायचं नाही. मलासुद्धा सांगायचं नाही. का, तर माझ्या पोटात काही राहत नाही, मी पाण्याच्या नळावर बोलून बसेन.

नळावर मी बोलायचे ते खरं आहे. मी सगळ्यांना सांगितलं, माझं रक्त कमी आहे.

मग बायका सांगायला लागल्या, खजूर खा, गूळ खा, डाळिंबाचा रस पी. सोनाक्कानं स्वतः मला खजुराचं दूध शिकवलं. पाच खजूर रात्री दुधात भिजवायचे. सकाळी बिया काढून मिक्सीत फिरवायचे, त्यात एक पिकलं केळं आणि लिंबाएवढा गूळ. वर वेलची. मोठा पितळी ग्लास भरून यायचा. चांगलं लागायचं. धडधाकट माणसानं कधीमधी घ्यावं असंच ते होतं.

मी ते दोन वर्षं रोज प्यायले. सकाळी यजमानांची कॉफी त्यांच्यासमोर ठेवायची आणि माझा ग्लास घेऊन तिथेच दाराशी बसायचं. मला वाटायचं, माझ्यासाठी घरात वेगळं काही करतात.

शिवाय शुक्रवारचा नैवेद्य. आमच्याकडे देवाला दाखवलेलं गोड टाकत नाहीत, कामवालीलाही देत नाहीत. उरलं तर घरच्या सुनेनं संपवायचं. सून मी एकटी. उरलेली पुरणाची पोळी, उरलेला साखरभात, सगळं माझ्या पानात. सोनाक्काच वाढायची. “खा गे, तुला शक्ती पाहिजे,” म्हणायची.

लग्न झालं. मला बरं वाटत होतं, म्हणून मी त्या गोळ्या बंद केल्या. त्या शुगरच्या होत्या, हे मला कुठं माहीत. यजमानांना सांगितलं, “रक्त भरलंय, आता गोळी नको.”

ते म्हणाले, “बरं.”

दीड वर्षानं एका सकाळी मी दारात कोलम घातलं, म्हणजे आपली रांगोळीच, तांदळाच्या पिठाची. उठून मागे पाहिलं तर पांढऱ्या पिठावर लाल पावलाचा ठसा. बसून पाय उलटा केला. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली काचेचा तुकडा, नखाएवढा. कधी घुसला कळलं नाही. दुखतच नव्हतं. हळद दाबली आणि स्वयंपाकाला लागले.

आठ दिवसांत बोट सुजलं, पंधरा दिवसांत काळं पडलं, वास येऊ लागला. तेव्हा आवडीहून गाडीनं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आलो. आजच्या चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणत. तीन तास बाकावर बसले, मग त्या खोलीत गेले.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. डायबेटिस म्हणजे रक्तातली साखर अंगाला वापरता येत नाही, ती रक्तातच साचते. न्यूरोपथी म्हणजे पायाच्या नसा मुक्या होतात, काच लागली तरी कळत नाही. गँगरीन म्हणजे मांस जिवंतपणी मरतं. हे सांगताना त्या माझ्याकडे बघून बोलल्या, यजमानांकडे नाही. एवढ्यासाठी मी त्यांना आजवर विसरले नाही.

“दोन बोटं काढावी लागतील,” त्या म्हणाल्या. “पाय राहतो का, ते आठ दिवसांत कळेल.”

बोटं गेली. वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई, रोज ड्रेसिंग. सिस्टर पट्टी सोडायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचे. तिनं नाक आक्रसलं नाही की तो दिवस चांगला.

तिसऱ्या दिवशी मी यजमानांना विचारलं, “मी दूध प्यायची, तेव्हा तुम्ही समोर बसून काय बघत होता?”

ते म्हणाले, “पेपर.”

“लग्न झाल्यावर का नाही सांगिटलं?”

“मग रुक्माला दिवस गेले. मग राहून गेलं.”

राहून गेलं, म्हणाले. बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जाते, तसं.

सोनाक्का निदान भांडली तरी. म्हणाली, “लोकांत रक्त कमी म्हटल्यावर लोकांसमोर खजूर खायला नको काय? मुलगी उजवली ना तुझी?” मी म्हटलं, “आक्का, माझी दोन बोटं घेऊन जा, लग्नाचा आहेर समजा.” बाजूच्या खाटेवरची तमिळ बाई भाषा न कळताही हसली. रुक्मा रडत होती. तिला तिच्या अप्पांनी, म्हणजे यजमानांनी, शपथ घातली होती. ती लेक आहे, तिच्यावर मी फार दिवस रागावले नाही. पण तेव्हापासून ती काही सांगते तेव्हा मी तिच्या मानेकडे बघते, खाली जाते का.

पाचव्या दिवशी विहीणबाई तांबरमहून आल्या. यजमान उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत भीती मी पहिल्यांदा पाहिली. आता सगळं कळणार, म्हणून.

विहीणबाई माझ्या खाटेवर बसल्या. पट्टीकडे पाहिलं, टेबलावरच्या औषधांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “बाई, मला नऊ वर्षं झाली. पोराचं लग्न व्हायचं होतं, म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही. तुमचं कळलं असतं तर काय खायचं ते मीच सांगिटलं असतं.”

दोन घरं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. विहीणबाईंना निदान स्वतःची शुगर माहीत होती. मी आधी हसले. मग मला हसू आवरेना, सिस्टर बघायला आली. त्यानंतर तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जखमेत लाल मांस दाखवलं. “हे जिवंत आहे, अम्मा. पाय राहिला.”

घरी सोडताना सिस्टरनं काय खावं, काय नाही, त्याचा इंग्रजी कागद दिला. यजमानांनी सवयीनं घडी करून खिशात ठेवला.

मी हात पुढे केला. “माझा कागद आहे तो.”

“तुला काय वाचता येणार?”

“तुम्हाला येतं ना. वाचा. इथंच.”

ते खाटेच्या कडेला बसले आणि एकेक ओळ मराठीत करून वाचली. मध्ये थांबले की मी म्हणायचे, पुढं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलं. वॉर्डातल्या बायका ऐकत होत्या. आमच्या सगळ्या संसारात त्यांनी मला वाचून दाखवलेला तो पहिला कागद.

विहीणबाईंनी मला एक काचेची नळी, लाकडी चिमटा आणि निळ्या पाण्याची बाटली दिली. बोटातून रक्त काढून आकडे दाखवणारं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी नव्हतं. नळीत थोडं निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि जपून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, केशरी, आणि शेवटी विटेसारखं लाल म्हणजे फार. पहिल्या दिवशी घरी माझं केशरी आलं.

मला इंग्रजी येत नाही, रंग येतात. त्या दिवसापासून माझं मला कळायला लागलं. मधे कुणी नको.

मग मी एकेक पदार्थ त्या नळीला विचारून केला. सगळे सांगत, केवरगू म्हणजे नाचणी शुगरला चांगली, पेज कर. ग्लासभर पातळ पेज प्यायले तर नळी पिवळी. तेच पीठ घट्ट भिजवून, त्यात मूठभर शेवग्याचा पाला आणि कांदा घालून लहान जाड भाकरी केली, एकच खाल्ली, तर हिरवट. म्हणजे चांगली वस्तूसुद्धा किती आणि कशी, ते बघावं लागतं.

केळीच्या खांबातला गाभा बारीक चिरायचा, बोटाला दोरे गुंडाळून काढायचे, ताकात टाकायचा म्हणजे काळा पडत नाही. भिजवलेली मुगाची डाळ, दही, ओलं खोबरं जरासं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. भात अर्धा करायचा आणि ही कोशिंबीर दुप्पट. पोट भरतं.

सकाळच्या त्या पितळी ग्लासात मी आता ताक घेते. ताक, अर्धी काकडी, आल्याचा तुकडा, चार कढीपत्त्याची पानं, मीठ नावाला. मिक्सीत फिरवायचं, गाळायचं नाही. दाराशीच बसून पिते. यजमान असेपर्यंत समोर पेपर खाली ठेवून बसायचे. माझा ग्लास संपला की पेपर उचलायचे.

शुक्रवारी दुधी किसून अर्धा चमचा तुपात परतते, दुधात आटवते, वेलची घालते. साखर नाही, गूळ नाही. दुधाचा स्वतःचा गोडवा असतो, लहान वाटीभरच घ्यायचं. पहिल्यांदा नैवेद्याला ठेवलं तेव्हा सोनाक्का म्हणाली, “देवाला अगोड दाखवतेस काय?”

“देवाला माझं कार्ड पहिल्यापासून माहीत आहे,” मी म्हटलं. “तो खाईल.”

तिनं वाटी पुढे केली. पहिल्यांदा उरलेलं तिनं संपवलं.

माझ्या गोळ्या मी पुन्हा कधी चुकवल्या नाहीत. पाय रोज आरशात बघते, अनवाणी चालत नाही, देवळातसुद्धा मोजे घालते. हे माझ्या अंगाला चाललं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरीणबाईंची आणि विहीणबाईंची मी ऋणी आहे, दोघींनी मला समोर बसवून खरं सांगितलं. यजमानांनी शेवटपर्यंत चुकलं म्हटलं नाही. मी वाट बघितली, मग बघायची सोडली.

वाचणाऱ्यांना एवढंच मागते. घरात कुणाला वाचता येत नसेल आणि हॉस्पिटलातून त्याच्या नावाचा कागद आला, तर दुसरं कुठलंही काम करायच्या आधी तो त्याला वाचून दाखवा. सगळा वाचा.