मेलबर्नला, माझ्या पायांनी

लेकीच्या बाळंतपणाला मी मेलबर्नला जायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांना आधी माझे गुडघे आठवले. मुलानं मोबाइलवर नकाशा काढून माझ्यासमोर धरला. "बघ आई, जवळजवळ दहा हजार किलोमीटर. विमानातच बारा-तेरा तास. शहाडहून विमानतळ गाठायचं ते वेगळंच. मी व्हीलचेअर सांगून टाकलीय."

"कोणासाठी?" मी विचारलं.

तो हसला. मला काही हसू आलं नाही. आमच्या सोसायटीतल्या जेवढ्या आया परदेशी गेल्या, त्या सगळ्या खुर्चीत बसूनच गेल्या. चांगल्या धडधाकट बायका, रोज तीन जिने चढणाऱ्या. इंग्रजी येत नाही, रांगेत कोणी काही विचारलं तर काय, म्हणून मुलं खुर्ची सांगतात. ढकलणारा माणूस थेट दारापर्यंत नेतो. शेजारीण मला म्हणाली, "अगं, बस की राणीसारखी." मला नव्हतं व्हायचं राणी. लेक फोनवर आधीच म्हणत होती, "तू नुसती ये. काही करू नकोस, बाळाला आम्ही बघू." आता मी खुर्चीतून उतरले असते, तर बाळ न्हाऊ घालायला माझ्या हातात दिलं असतं का कोणी? मी काय पाहुणी म्हणून चालले होते? बाळंतपण करायला चालले होते.

ह्याच दोन पोरांना घेऊन मी कल्याणच्या डेपोतून रात्रभर एसटीनं लातूरला, माहेरी जायचे. एक मांडीवर, एक खिडकीशी, पायाशी ट्रंक. तेव्हा कोणी मला अंतर दाखवलं नाही.

"कॅन्सल कर," मी मुलाला सांगितलं.

"आणि हरवलीस तर?"

"तोंड आहे ना मला. विचारीन."

त्यानं अबोला धरला. मीही धरला. शेवटी केली त्यानं कॅन्सल.

विमानात गुडघे दुखले, खोटं कशाला बोलू? उठून मधल्या वाटेत फेऱ्या मारल्या. मेलबर्नला उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं, ते कळलं नाही. मी 'डॉटर, बेबी' म्हटलं आणि पिशवीतली दुपटी काढून दाखवली, माझ्या जुन्या साड्यांची. त्यानं हसून पुढे जायची खूण केली.

बाहेर लेक एकटीच कठड्याला टेकून उभी होती, जावई गाडी आणायला गेलेला. मुलानं तिला काही सांगितलंच नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक खुर्चीत ती वाकून बघत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी तिची नजर खुर्च्यांवरच.

"अगं, इकडे," मी म्हटलं.

तिला रडूच फुटलं. "आई, चालत आलीस?"

तिचे पाय एवढे सुजलेले, की चपलेत मावत नव्हते. मी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि तिची पर्स माझ्या खांद्याला अडकवली.

"बाळाला न्हाऊ मीच घालणार," मी म्हटलं.

"घाल," ती म्हणाली.