चाळांचं पितळ

कुंभकोणमला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती आणि जोडीला भरतनाट्यमची पदवीही करत होती. मांडीवर रसायनाचं पुस्तक उघडं असायचं आणि सीटखाली पाय ताल धरायचे. पण त्याआधी ती वाकून बसच्या मळक्या पत्र्याला हात लावायची आणि तो डोळ्यांना लावायची. नाचणाऱ्याने आधी भूमीची क्षमा मागायची असते. "बस असली म्हणून काय झालं?" म्हणायची.

आम्ही दोघी तंजावरच्या जुन्या मराठी घरांतल्या, म्हणून माझ्याशी ती हळू आवाजात मराठीच बोलायची. एकदा मी विचारलं, "दोन्ही कसं झेपतं ग तुला?"

"रसायनाचे मार्क अप्पा बघतात, अक्का. नाचाचे विचारतसुद्धा नाहीत. तेच बरं आहे."

लग्न ठरताना मात्र सासरच्यांनी दोन्हींची चौकशी केली. रसायन चालेल म्हणाले.

पुढे एका सकाळी ती आमच्या थांब्यावर नव्हती. वाटेत नाचियार्कोविलला चढली, तिथे पितळी दिवे ओततात. मांडीवर नवा दिवा होता, सासरी न्यायचा.

"छान चकाकतोय," मी म्हटलं.

"माझे नाचाचे चाळ आहेत त्यात. मीच नेऊन दिले." ती खिडकीबाहेर बघत होती. "पितळ किती तापमानाला वितळतं ते परीक्षेला आलं होतं, अक्का. मी बरोबर लिहिलं होतं."

सीटखाली तिचे पाय जुळलेले, गप्प होते. उतरताना मात्र ती वाकली, पत्र्याला हात लावला आणि कितीतरी वेळ डोळ्यांवर धरून ठेवला.