बोटवाल्याची दुसरी रेघ

या माणसाला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. नऊ वर्षं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो आमच्या दवाखान्यात यायचा आणि मी केसपेपर लिहायच्या खिडकीत बसलेला असायचो, एवढीच ओळख. केसपेपरपलीकडे मला लिहायची सवय नाही, चूकभूल होईल. पण तो मला आवडत नव्हता, हे नक्की.

रोग झटपट ओळखणारी यंत्रं तो विकायचा. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, सोबत पट्ट्यांचं खोकं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, वर औषधाचे दोन थेंब, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर माणूस ठीक, दोन उमटल्या तर रोग. मग तीच पट्टी यंत्रात सरकवली की पडद्यावर रोगाचं नाव यायचं. टोचायला तो नेहमी स्वतःचं बोट पुढे करायचा, म्हणून आम्ही त्याला बोटवाला म्हणायचो.

टोचून घेताना आव असा, जणू देशासाठी रक्त सांडतोय. बाकड्यावर माणसं तापाने कण्हत असायची आणि हा त्यांच्याकडे पाठ करून डॉक्टरबाईंना सांगायचा, "बाई, भट्टीशेजारी ठेवा नाहीतर वाळवंटात न्या, ही पट्टी खोटं बोलली तर मिशी उतरवीन!" मिशी तरी कसली, कलप लावलेली. पंधरा मिनिटं तो कधी गप्प बसला नाही. एक रेघ आली की पट्टी सगळ्यांना दाखवत फिरायचा, परीक्षेत पहिला आल्यासारखा. मला म्हणायचा, "काय खिडकीकाका, सुईला घाबरता का?" माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान, आणि मी याचा काका!

एकदा त्याने नवीन यंत्र आणलं. आतल्या आत लिव्हर पोखरणाऱ्या काविळीचं. थेंब पडला, बडबड झाली, आणि दोन रेघा उमटल्या. दुसरी फिकट होती, पण होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, पुढची तपासणी करून घ्या. तीन महिने गोळ्या घेतल्या की बरं होतं हे."

"छे हो बाई! खोकं गाडीत उन्हात राहिलं. उन्हाने वाट लागते या पट्ट्यांची."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या मालाला नावं ठेवली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू?

जाताना तो बेसिनपाशी थांबला. माझ्या खिडकीतून दिसत होता. दुसरी पट्टी काढून त्याने पुन्हा टोचून घेतलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. पंधरा मिनिटं, तोंडातून एक शब्द नाही. मग पट्टी खिशात घालून निघून गेला.

चार महिन्यांनी त्याच्या बायकोचा दवाखान्यात फोन आला. "भाऊ, ह्यांचे पाय सुजलेत, जेवण तुटलंय. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुमच्याबद्दल बरं बोलतात, तुम्ही सांगून बघा ना." माझ्याबद्दल तो बरं बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. "सांगतो वहिनी," म्हणालो.

पुढे तो गेला. त्याच्याकडे दुरुस्तीला दिलेलं आमचं यंत्र परत द्यायला वहिनी आल्या, तेव्हा म्हणाल्या, दाढीच्या सामानात अकरा पट्ट्या सापडल्या, सगळ्यांवर दोन-दोन रेघा. अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा तेच उत्तर, आणि हा बाराव्याची वाट बघत राहिला. दुसऱ्यांना जन्मभर पट्टीवर विश्वास ठेवा म्हणून सांगत हिंडला. अशा माणसाची कीव करावी असं मला आजही वाटत नाही.

फोननंतर तो एकदाच आला होता. डोळे पिवळे, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं, मिशीला मात्र कलप. काय बोलायचं ते मी सकाळीच एका कोऱ्या केसपेपरवर लिहून ठेवलं होतं: वहिनींचा फोन आला होता, गोळ्या सुरू करा. ते कागदावरच राहिलं. त्याने सुई काढली आणि खिडकीतून हात आत घातला.

"खिडकीकाका, आज तुमचं बोट द्या."

"कुठलं?"

"डाव्या हाताचं. उजवा लागतो तुम्हाला लिहायला."

"दुखेल का हो?"

"छे! मला कधी दुखलेलं बघितलंत?"