कुलीपा एजेंची सही

आमच्या डोंगरातल्या लहानशा विद्यापीठात कुलीपा सादिरोवा एकतीस वर्षे विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळत आहेत. आम्ही प्राध्यापकही त्यांना एजे, थोरली बहीण, म्हणूनच हाक मारतो.

गेल्या वसंतात जुनी अध्यापन-प्रणाली मोडीत काढून नवी आणायचे ठरले. पाठ, हजेरी, गुण असे सारे नवीत गेले. सोमवारी जुनी कायमची बंद होणार होती. उरली होती ती हस्तांतराच्या कागदावरची एजेंची सही.

सहीपूर्वी त्या नवी यादी ओळ न् ओळ वाचायला बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी संगणक विभागाच्या तिलेकला बोलावून घेतले.

“ही ऐझादा पाहिलीस? एकाच सकाळी पशुवैद्यक, गणित आणि इतिहास, तिन्हींत पास! कुलगुरूच करून टाकू या हिला.”

आमच्याकडच्या कित्येक मुली आडनाव लावत नाहीत. अमक्याची ‘किझी’, म्हणजे मुलगी, एवढीच ओळख सांगतात. नव्या प्रणालीने आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव गाळून नुसते ‘किझी’ घेतले होते आणि एकाच नावाच्या मुलींना एकच मुलगी मानले होते. एकसष्ट जणींचे गुण एकमेकींत मिसळले होते.

तिलेकने नवी प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला फोन करून विचारले. “एजे, रकाने बदलता येत नाहीत म्हणे त्यांना. तुम्ही सही करा, पुढचं पुढे बघू.”

“पुढे काय बघणार, कपाळ? सोमवारनंतर जुन्यातलं काही दिसणारेय का तुला? यांच्या पदव्या कशावर छापशील? आणि रकाना राहू दे की तसाच. त्यात बापाचं नाव आणि किझी एकत्र बसव!”

कंपनीला न सुचलेला हा उपाय एजेंनी चहा ओतता ओतता सांगितला. मग चार दिवस त्या आणि तिलेक जुन्या प्रणालीतून एकेकीचे गुण शोधून नवीत भरत होते.

शनिवारी दुपारी गाडी अडली. दोन ऐझादा, आणि दोघींचेही वडील अस्कर.

“झालं! या पुन्हा एक होणार,” तिलेक म्हणाला.

एजेंनी दोघींनाही फोन लावला. “बाळ, तुझ्या सात पिढ्या सांग बघू.” आमच्याकडे वडिलांपासून मागच्या सात पूर्वजांची नावे प्रत्येकाला पाठ असावी लागतात; न येणे लाजिरवाणे. दोघींनी न अडखळता सात पूर्वज म्हणून दाखवले. एजेंनी जिच्या-तिच्या आजोबांचे नाव एका रिकाम्या रकान्यात भरले. दोघी वेगळ्या झाल्या.

“आता तरी सही?”

“तुझ्या सात सांग आधी.”

तिलेक चौथ्या नावाशी थबकला. कानापर्यंत लाल होत त्याने गावी वडिलांना फोन लावला. एकसष्टही मुली आता आपापल्या नावाने आणि आपापल्या गुणांनिशी नवीत उभ्या होत्या. तो सहावे नाव पाठ करत असतानाच एजेंनी कागद पुढे ओढला आणि लेखणीचे टोपण काढले.