भाराभर चिंध्यांची मॅनेजर

किस्से चिकूसारखे असतात. एक पिकला की करंडीतले बाकीचेही लागोपाठ मऊ पडायला लागतात. गुजरातच्या सीमेजवळ, डहाणूच्या मसोलीतल्या आमच्या स्टुडिओत दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतं, "वंदनाताईंचा तो..." आणि जेवण बाजूलाच राहतं.

स्टुडिओ म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दवाखान्यांच्या पाट्या, फॉर्म, फळांची खोकी, असलं सगळं आम्ही डिझाइन करतो. मालक केदार सर. आणि आमच्याकडून ते काम वेळेवर करून घेणाऱ्या वंदनाताई, म्हणजे डिझाइन प्रोग्राम मॅनेजर. त्यांना साधी रेघही सरळ ओढता येत नाही. हे त्या स्वतःच सांगतात!

*

इंटरव्ह्यूत सरांनी ताईंना विचारलं, "अनुभव?"

"नरपडला चिकूच्या पॅकिंगवर चार वर्षं. मग मंगल कार्यालयात बुकिंग. मग डहाणूला दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर."

"यात डिझाइन कुठे आलं?"

"नाहीच आलं. पण सर, एका शेडमध्ये आज पिकणारा, परवा पिकणारा आणि अजून दगड असलेला, असा सगळा चिकू एकदम येतो. प्रत्येकाचा ट्रक वेगळा. चुकलं की दिल्लीला चिकू नाही, हलवा पोचतो! तुमची चित्रं निदान नासत तरी नाहीत."

सरांनी घेतलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. तलासरीकडच्या एका दवाखान्याच्या पाट्या मुदतीत लागल्या तर नोकरी कायम, नाहीतर रामराम. ताई खिडकीवरची नोकरी सोडून आल्या होत्या. परतीची वाट बंद होती.

*

ताईंचे वडील, नाना, रेल्वेतून रिटायर झालेले. अख्खा जन्म एकाच खात्यात. लेकीची ही चौथी नोकरी ऐकून म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"नाना, मग गोधडी कशाची शिवतात?"

नानांना ते पटलं नव्हतं. शेजारच्या जसुबेननी लेकीच्या नव्या कामाचं विचारलं, "वंदना हवे शुं काम करे छे?" तर म्हणाले, "जे काम करत असतात, त्यांना जाऊन 'झालं का?' विचारते. याचा पगार देतात हल्ली!"

ताईंच्या कामाची याहून नेमकी व्याख्या मी तरी कुठे वाचलेली नाही.

*

मी साताऱ्याची. गुजरातीशी माझा संबंध फरसाणापुरता. एकदा प्रेसवाल्या जयंतीभाईंना फोन करून विचारलं, "नेत्रतपासणी शिबिराच्या बॅनरची फाइल कधीपर्यंत हवी?"

"काल सुधी चालशे, बेन."

मला वाटलं, कालपर्यंत चालली असती! मुदत गेलीच म्हणून मी घाबरून जशी होती तशी फाइल पाठवून मोकळी झाले. पाठवल्यावर वाचलं. 'मोफत नेता तपासणी'!

ताईंनी धावत जाऊन फोन केला आणि छपाई थांबवली. मग मला समजावलं, "अगं पल्लवी, त्यांचा काल म्हणजे आपला उद्या. नरपडच्या शेडमध्ये या एका शब्दापायी आमचा ट्रक रिकामा गेलाय." त्या दिवसापासून ऑफिसात काल, उद्या, परवा बंद. फक्त वार बोलायचा.

पुढच्याच आठवड्यात सरांकडे पगारवाढीचा विषय निघाला. सर म्हणाले, "उद्या बघू." आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "सर, वार!"

*

दवाखान्याच्या पाट्यांच्या रंगावरून माझं आणि रोहनचं जुंपलं. तो आमचा दुसरा डिझायनर. मला निळा हवा, त्याला हिरवा. तीन दिवस अबोला.

ताईंनी मला आतल्या खोलीत बसवलं, त्याला बाहेरच्या, आणि चहा घेऊन मधे फिरत राहिल्या. मला म्हणाल्या, "रोहन म्हणतोय, पल्लवीचा निळा लांबून छान दिसतो." मी विरघळले. म्हटलं, तसा हिरवाही वाईट नाही. तासाभराने समोरासमोर आलो, तर मी हिरव्यासाठी भांडतेय आणि तो निळ्यासाठी!

ताईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "बारा पस्तीसला रंग ठरणार. व्याही कितीही रुसू देत, मुहूर्त थांबत नाही."

बारा चौतीसला निळा ठरला. रोहन तसं काही म्हणालाच नव्हता, हे मला महिन्याभराने कळलं.

*

आणि आता पाट्यांचा.

छपाईच्या आदल्या दिवशी ताईंनी कागदी नमुने दवाखान्यात चिकटवले आणि सकाळभर दारात उभ्या राहिल्या. दुपारी प्रेसला फोन केला, "छापू नका."

सर भडकले. सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते.

"हाडांचा विभाग सरळ पुढे आहे," ताई म्हणाल्या, "पण पाटीवर बाणाचं टोक वर आहे."

"वर टोक म्हणजे सरळ जा. जगभर हाच नियम आहे!"

"जगभर असेल, सर. तलासरीत वर म्हणजे वर. लोक जिना चढतायत."

"उद्या... शुक्रवारी मी स्वतः जाऊन बघतो. तुमचं खरं निघालं तर नोकरी पक्की. नाहीतर आहेत त्याच पाट्या छापायच्या, आणि सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

ताई "बरं" म्हणाल्या. बाण मी काढलेला आणि नोकरी त्यांची जाणार! गप्प बसल्या असत्या तर पाट्या मुदतीत लागल्या असत्या आणि त्याही कायम झाल्या असत्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढी छाती माझ्यात कधी येणार, देव जाणे.

शुक्रवारी अकराला सरांचा फोन आला. ताईंनी स्पीकरवर टाकला. सरांना धाप लागली होती.

"वंदनाताई, मी गच्चीवर आहे."

"गच्चीवर?"

"एक आजी बाण बघून जिना चढायला लागल्या. मी मागून आलो. दोन जिने चढल्या हो त्या! गुडघे दाखवायला आल्यात. केसपेपर हातात धरून इथे कठड्याशी बसल्यात."

"सर, त्यांना पायी उतरवू नका. मी दवाखान्यात फोन करून खुर्ची मागवते. तुम्ही तिथेच थांबा."

"थांबतो. पण त्या मला काहीतरी विचारतायत..."

तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला, "कवाची चढतेय. अरे, डाक्टर तूच का?"